सतरावा सोमवार

माझी फाइल जाड आहे. तिच्यात ईसीजीच्या पट्ट्या आहेत, अँजिओग्राफीची सीडी आहे, रक्ताचे रिपोर्ट आहेत आणि दर पंधरा दिवसांनी मी किती किलो भरलो याची नोंद आहे. सुमनची फाइल पातळ आहे. ती उशिरा उघडली. हे लिखाण त्या पातळ फाइलीबद्दल आहे, पण सुरुवात जाड फाइलीपासूनच करावी लागेल, कारण आमच्या घरात सगळं माझ्यापासूनच सुरू व्हायचं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. सुमन, माझी बायको, घरच्या घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, ब्लाउज शिवायची. माहेर येवल्याचं. पैठणी हातात घेतली की उलटी बाजू आधी बघायची. आमची एकुलती एक मुलगी रश्मी, तिचं सासर आणि नोकरी पुण्याला. इंदिरानगरातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. दोन माणसांच्या घरात एकाने दुसऱ्याकडे नीट बघितलं नाही तर बघायला तिसरं कोणी नसतं. हे मला आता सुचतं.

असे अनुभव इतर रुग्णांना धीर यावा म्हणून लिहितात. तो धीर मी इथेच देऊन टाकतो: बायपास होते, माणूस उठतो, चालतो, जिने चढतो. पण मी लिहितो आहे ते खाटेवरच्या माणसासाठी नाही. खाटेशेजारच्या स्टुलावर जो बसलेला असतो, त्याच्यासाठी. आणि त्याच्याकडे ज्यांचं लक्ष नाही त्यांच्यासाठी.

गुरुवार

जून महिना होता. फिरायला गेलं की छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. मी दोन आठवडे त्याला पित्त म्हणत होतो. मग गुरुवारी सकाळी अँजिओग्राफी झाली, आणि डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. तीन नळ्या बंद होत्या. मी पुस्तकातला माणूस, त्यामुळे लगेच प्रश्न विचारायला लागलो. कुठली नळी, किती टक्के, पायातली शीर काढणार की हातातली. भीती वाटली की मी माहिती गोळा करतो, ही माझी जुनी सवय.

सुमनने एकच विचारलं. "यांना खायला काय द्यायचं?"

बाहेर आल्यावर ती कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन फोनवर बोलली. मी ऐकलं ते एवढंच, "आज नाही जमणार हो. बघते नंतर."

"कोण होतं?"

"साडीवाल्या बाई. वाट बघत होत्या."

मी विश्वास ठेवला. खरं म्हणजे विश्वास ठेवण्याइतकंही लक्ष माझं तिकडे नव्हतं. मी माझ्या तीन नळ्यांत होतो.

वॉर्ड

त्या हॉस्पिटलच्या दारात संगमरवरी धन्वंतरी होता, त्याच्या पायाशी कारंजं. आत आल्यावर पहिला अर्धा तास माणसाला आपण बरे होणार की आपलं लग्न लागणार तेच कळत नव्हतं. मोठ्या डॉक्टरांचा राउंड म्हणजे स्वारी. पुढे दोन शिकाऊ डॉक्टर, मागे नर्सा, मध्ये महाराज. चवऱ्या तेवढ्या नव्हत्या. "काय म्हणतात सर?" असं विचारून, उत्तर यायच्या आत ते पुढच्या खाटेवर. भेटायला येणारे शहाळं घेऊन यायचे आणि बायपासनंतर गेलेल्या आपल्या एकेका नातेवाइकाची गोष्ट सांगून जायचे.

ऑपरेशननंतर खोकला आला की छातीचं हाड उकलतंय असं वाटतं. छातीशी काहीतरी घट्ट धरून खोकायचं असतं. हॉस्पिटलची उशी मऊ होती, दबायची. सुमनने फॉलच्या उरलेल्या पट्ट्या कोंबून वीतभर लांबीची टणक उशी शिवून आणली. तीच धरून मी बरा झालो. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी ती बघितली, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठीही एक आली.

ती सकाळी सातला डबा घेऊन यायची. मला भरवायची, पुसायची, नखं कापायची. मी जेवून डोळे मिटले की खिडकीकडे पाठ करून स्वतः जेवायची. घरीही असंच होतं. आधी मी, रश्मी होती तेव्हा रश्मी, आलं-गेलं कोणी असेल तर ते, आणि सगळ्यात शेवटी ओट्याशी उभी राहून सुमन. बेचाळीस वर्षांत तिच्या ताटात काय असतं आणि त्यातलं पोटात किती जातं, हे मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. पाहायचं असतं हेच माहीत नव्हतं.

वॉर्डात हिराबाई म्हणून मावशी होत्या, पेठ तालुक्याकडच्या. एका दुपारी सुमन औषधं आणायला खाली गेली तेव्हा फरशी पुसता पुसता त्या थांबल्या.

"साहेब, एक बोलू?"

"बोला की."

"तुमच्या बाई जेवत नाय."

"जेवते. माझ्यानंतर जेवते. सवय आहे तिची."

"ते म्या पाहते ना रोज. भाकरीचा एवढासा तुकडा घेत्यात, चावत बसत्यात, मग पाण्याशी ढकलत्यात. मग छातीवर हात धरून बसत्यात. माझ्या सासूचं असंच होतं."

"मग काय झालं सासूचं?"

हिराबाईंनी फडकं पिळलं. "तुम्ही बाईंना इचारा," म्हणाल्या, आणि खाटेखाली वाकल्या.

मी विचारलं. संध्याकाळी, सहज. सुमन म्हणाली, "दाढ दुखते." मी म्हटलं, घरी गेल्यावर दाखवून ये. झालं. माझं कर्तव्य संपलं. नंतर मी सुमनला हसत हसत सांगितलंसुद्धा, की मावशींना डॉक्टरच व्हायचं होतं वाटतं. ती हसली नाही, हे मला आठवतं. पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

वार

घरी आल्यावर कळलं की तिने सोळा सोमवार धरले आहेत. मला ऑपरेशनला आत नेलं त्या दिवशी सोमवार होता, तिने तिथेच बाकावर बसून ठरवलं.

मी देव मानत नाही, आणि न मानण्याचा मला थोडा गर्वही होता. मी तिला हरवायचं ठरवलं. पोथी मागवून वाचून काढली. त्यात सरळ लिहिलं होतं की संध्याकाळी पूजा करून जेवावं.

"हे बघ, तुझ्याच पोथीत आहे. संध्याकाळी जेवायचं. तू नुसतं दूध पितेस ते कुठल्या शास्त्रात?"

"पोथी लिहिणाऱ्याचा नवरा आजारी नव्हता," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि वाद तिथेच मिटला. पुढे सोमवारला गुरुवार येऊन मिळाला, मग शनिवार. मध्ये चतुर्थी, एकादशी, प्रदोष. मी म्हणायचो, "रिकामे वार कुठले ते लिहून दे, त्या दिवशी पाहुणे बोलावू." उपासाला घरात भगर व्हायची, शेंगदाण्याची आमटी व्हायची, पण ती माझ्यासाठी. ती ताक घ्यायची. उपास नसेल त्या दिवशी माझ्यासारखाच गुरगुट्या भात, वर पातळ वरण. "तुमचं वेगळं आणि माझं वेगळं कुठे करत बसू?" मला हे त्यागाचं प्रदर्शन वाटायचं. एकदा तसं बोललोही. म्हणालो, देवाशी सौदे करून माणसाच्या नळ्या उघडत नाहीत. ती मशीनवर बसली होती. पायाने मशीन चालवत राहिली.

माणूस वाळलं की कपडे सांगतात. तिचे कपडे कधी काही बोलले नाहीत. कारण ब्लाउजच्या शिवणी ती दर काही दिवसांनी आत घेत होती. स्वतःच्या मशीनवर, माझ्यासमोर, मी पेपर वाचत असताना. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या म्हणून तिने दोन काढून ठेवल्या, तर म्हणाली कामात आड येतात.

पंधरा दिवसांनी एकदा आम्ही तपासणीला जायचो. मी काट्यावर उभा राहायचो, ती माझी चप्पल आणि फाइल धरून उभी असायची. दीड किलो वाढलं म्हणून ती खूश. त्या काट्यावर तिला कोणी उभं केलं नाही. मीही नाही.

आमच्या शेजारच्या नलूताई, बिल्डिंगमधल्या सगळ्या व्रतांच्या अघोषित अध्यक्षा. त्या म्हणाल्या, "सुमनताई, चेहऱ्यावर काय तेज आलंय हो व्रताचं." मीही बघितलं. गालांची हाडं वर आली होती, डोळे मोठे दिसत होते. मला वाटलं, असेलही तेज. ज्या विषयात आपल्याला काही कळत नाही तिथे नलूताईंचं ऐकावं.

चुरमा

सोळा सोमवार झाले की सतराव्याला उद्यापन असतं. दिवाळीच्या आधीचा सोमवार होता. रश्मीला सुट्टी मिळाली नाही. सकाळी नलूताईंचे यजमान त्यांच्या गाडीतून आम्हाला त्र्यंबकेश्वरला घेऊन गेले. दर्शनाच्या रांगेत सुमन दोनदा खाली बसली. माझेही पाय दुखत होते, म्हणून त्यात मला काही वाटलं नाही. संध्याकाळी घरी पाच जोडपी आली. गव्हाच्या पिठाचा, गूळ-तुपाचा चुरमा सुमननेच केला होता. मोठं ताट भरून.

पूजा झाली. नलूताई म्हणाल्या, "भाऊ, आता तुम्ही घास भरवायचा. तुमच्यासाठी सोळा सोमवार केले तिने. आणि उखाणा घ्यायचा."

मला असले समारंभ सहन होत नाहीत. पण माझ्या छातीचे टाके सुकले होते, पाच जोडपी प्रेमाने आली होती, आणि त्या संध्याकाळी मला खरोखरच तिच्याबद्दल फार वाटत होतं. उखाण्याला नाही म्हटलं, घासाला तयार झालो.

सुमन हळूच म्हणाली, "नको ना. मी नंतर खाते."

"नंतर-बिंतर काही नाही," मी म्हणालो. मला मजा वाटायला लागली होती. "चार महिने मला भरवलंस, आता माझी पाळी."

चांगला मोठा घास घेतला मी. तिने माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून दिसतं. मग तिने तोंड उघडलं.

टाळ्या झाल्या. ती चावत राहिली. बराच वेळ चावत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तर नलूताईंनी आपले डोळे पुसले. कोणीतरी म्हणालं, बघा, किती भरून आलं वहिनींना. सुमनने गिळलं. छातीवर मूठ दाबली, उठली, आणि भिंतीला धरून आत गेली.

मी मागे गेलो. बेसिनमध्ये तो घास पडला होता, गेला तसाच. त्यामागून फेस, आणि फेसात लाल दोरा. तिने नळ सोडला, माझ्या देखत ते धुऊन टाकलं, पदराने तोंड पुसलं.

"बाहेर सगळ्यांना कॉफी द्या," ती म्हणाली. "मी आले."

बाहेर आरती सुरू झाली होती.

दुर्बीण

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोटाच्या डॉक्टरांकडे होतो. मला रस्ता सांगावा लागला नाही. रिक्षावाल्याला तिनेच पत्ता सांगितला. तिथल्या मुलीने तिला नावाने ओळखलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही जूनमध्ये येणार होतात ना?"

तो गुरुवार. साडीवाल्या बाई.

घशातून दुर्बीण घालून बघितलं. डॉक्टर तरुण होते. बाहेर आले ते हातमोजे काढत, आणि मोज्यांकडेच बघत म्हणाले, "किती दिवसांपासून घास अडकतोय?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "उन्हाळ्यापासून."

अन्ननलिकेत गाठ होती. आठवड्याने कळलं की ती यकृतापर्यंत गेली आहे. मी डॉक्टरांना एकट्यात विचारलं, जूनमध्ये आलो असतो तर? ते म्हणाले, "काका, आता हा प्रश्न विचारू नका." उत्तर मिळालं.

रिपोर्टसाठी बाकावर बसलो होतो तेव्हा आम्ही बोललो. बेचाळीस वर्षांत इतकं सरळ कधी बोललो नसू.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या तीन नळ्या बंद निघाल्या. माझी एक कशाला मध्ये आणायची?"

"आणि उपास? तोही खोटा?"

"पहिला सोमवार खरा होता. मग लक्षात आलं, उपास म्हटलं की कोणी ताटात बघत नाही. उलट पाया पडतात."

"मी तुला काय काय बोललो."

"बोलायचात तेवढा वेळ बरं वाटायचं. तुमचा आवाज पहिल्यासारखा झाला होता."

"सांगणार होतीस की नव्हतीस?"

"सोळा झाले की सांगणार होते. तोवर तुमचे टाके सुकले असते."

मी आयुष्यभर अंधश्रद्धेविरुद्ध बोललो. माझ्या डोळ्यासमोर एक बाई चार महिने उपाशी होती, आणि मला त्यात फक्त श्रद्धा दिसली. श्रद्धेची चेष्टा करण्यात मी इतका गुंतलो होतो की भुकेकडे बघितलं नाही. नलूताई पाया पडल्या, मी हसलो. दोघांपैकी तिच्या ताटात कोणीच बघितलं नाही.

नळी

पुढचे सात महिने मी सविस्तर लिहीत नाही. पोटातून नळी घातली. दर दोन तासांनी सिरिंजने पातळ अन्न द्यायचं. मी मुगाचं कढण शिकलो, नाचणीची पेज शिकलो, दोनदा गाळायला शिकलो. ती खाटेवरून सूचना द्यायची. "वास आला बघा. खाली लागतंय." वास घेणं तेवढं तिच्याकडे उरलं होतं.

रश्मी रजा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बाबा, तुम्ही घरात होतात ना?"

मी म्हटलं, "हो."

"चोवीस तास?"

"हो."

ज्यांच्या घरी असं बोलणं होईल त्यांना माझं सांगणं आहे, उत्तर द्यायला जाऊ नका. ऐकून घ्या. ते खरं असतं.

बरे दिवसही होते. सकाळी ऊन गॅलरीत यायचं तेव्हा मी तिला खुर्चीत बसवायचो. ती मला सुईत दोरा ओवायला लावायची आणि माझ्या शर्टांची तुटलेली बटणं लावायची. एकदा हिराबाईंचा विषय निघाला. सुमन म्हणाली, "त्या बाईंनी मला पण विचारलं होतं. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. म्हटलं, चला, एकीने तरी बघितलं."

जूनच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, मी सिरिंज धुऊन आलो तेव्हा ती गेलेली होती. पेज गरम होती.

त्यानंतर

दहाव्याला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, लोक फार चांगलं बोलले. साध्वी म्हणाले. एकाने माईक घेऊन सांगितलं की वहिनींनी भाऊंसाठी आपले प्राण दिले. मला उठून सांगावंसं वाटलं की तिला प्राण द्यायचे नव्हते. तिला डिसेंबरात नातीच्या शाळेचं गॅदरिंग बघायचं होतं. तिला येवल्याहून एक पैठणी घ्यायची होती, मोरपंखी, आणि ती मी चाळीस वर्षं पुढे ढकलली होती. ती देवी नव्हती. तिने एक वाईट हिशेब केला, आणि तो करायला तिला आम्ही सगळ्यांनी शिकवलं होतं. पण माणसं भाषणं करायला लागली की मेलेल्या माणसाचं काही चालत नाही.

नलूताई मात्र माईकवर बोलल्या नाहीत. त्यांनी रश्मीला बाजूला घेतलं.

ते मला श्रावणात कळलं. रश्मी फोनवर म्हणाली, "बाबा, सोमवार आहे ना, आज मी काही खाल्लं नाही." मी विचारलं, कसला सोमवार? ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "आईचं उद्यापन पूर्ण झालं नाही. प्रसाद पोटात गेला नाही तिच्या. नलूकाकू म्हणाल्या, मुलीने पूर्ण करायचं असतं. सातवा आहे आज."

"तुझी तब्येत कशी आहे?"

"ठीक आहे. थोडी बारीक झालेय, सगळे म्हणतात छान दिसतेस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी पुण्याला गेलो. न सांगता गेलो. डब्यात ज्वारीची भाकरी, भरली वांगी, कोरडी शेंगदाण्याची चटणी, सगळं चावून खायचं. दुपारी ती ऑफिसमधून घरी जेवायला येते. दार उघडून मला बघितलं आणि घाबरली.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. बस. जेव."

"तुम्ही आधी बसा ना. प्रवासातून आलात. मी नंतर..."

"रश्मी."

ती बसली. मी समोर खुर्ची ओढली. व्रत सोड असं मी म्हणालो नाही. वाद घालायचा नाही हे ठरवूनच गेलो होतो. वाद जिंकण्यात मी एकदा फार वेळ घालवला आहे. फक्त पाण्याचा तांब्या उचलून माझ्या बाजूला ठेवला.

तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावली, तोंडात घातला. मी तिच्या गळ्याकडे बघत होतो.

"असं टक लावून बघू नका ना बाबा. घास उतरत नाही."

बोलून गेली आणि थांबली. तिच्या लक्षात आलं. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे. तिने तो घास नीट चावला. पाणी मागितलं नाही. गिळला. मग दुसरा घेतला, मुद्दाम मोठा, तोही गिळला. आणि लहानपणी औषधाची गोळी घेतल्यावर आईला दाखवायची तशी, जीभ बाहेर काढून, तोंड पूर्ण उघडून तिने मला दाखवलं.

तोंड रिकामं होतं.

"अजून एक," मी म्हणालो.